शब्दातील सांधा

इंदूर शहराच्या मध्यभागी होळकरांचा सात मजली राजवाडा उभा आहे. शहराच्या कोणत्याही टोकाहून निघालेल्या वाटसरूच्या तोंडी दिवसातून एकदा तरी त्याचे नाव येतेच. हे नाव कागदावर लिहावयाचे झाल्यास रा, ज, वा, डा अशी चार अक्षरे लिहावी लागतात. परंतु तेच नाव बोलणाऱ्याच्या तोंडून लक्षपूर्वक ऐकले, तर राज्, वा, डा अशी तीनच अक्षरे कानी पडतात. लेखणीने लिहिलेला 'ज' जिभेवर येताच आपला अकार टाकून देतो आणि मागच्या 'रा'ला जाऊन चिकटतो.

'अक्षर' ह्या एकाच शब्दाने मराठीत दोन निराळ्या वस्तूंचा बोध होतो. एक लेखी अक्षर आणि दुसरे उच्चारी अक्षर. लेखी अक्षरे डोळ्यांनी मोजता येतात, उच्चारी अक्षरे कानांनी मोजावी लागतात. ह्या दोन मोजणींत जो फरक पडतो, तो केवळ आळसाचा किंवा घाईचा परिणाम नव्हे. त्याला नियम आहे. आणि सामासिक शब्दांत तर तो नियम शब्दाच्या अंतरंगाचा पत्ता देतो.

नियम थोडक्यात असा सांगता येईल. मराठी शब्दाच्या अंती असलेला अकार सामान्यतः उच्चारला जात नाही. 'घर' लिहिले तरी 'घर्' असेच म्हटले जाते. शब्दाच्या पोटातील अकारही, त्याच्या पुढे पूर्ण उच्चाराचे अक्षर आले म्हणजे, बहुधा लोप पावतो. म्हणून 'चटणी' ही बोलताना 'चट्-णी' होते आणि 'बसला' हा 'बस्-ला' होतो. शब्दाच्या आरंभीचा अकार मात्र लोपत नाही. आता 'आठवणी' हा शब्द घ्यावा. शेवटची 'णी' पूर्ण उच्चाराची असल्यामुळे तिच्या आधीचा 'व' आपला अकार सोडतो, आणि 'आ-ठव्-णी' असा उच्चार होतो. ह्याच घडणीचा, तितक्याच अक्षरांचा आणि तशाच ऱ्हस्वदीर्घ क्रमाचा दुसरा शब्द 'लोकसभा' हा आहे. त्याच हिशेबाने त्याचा उच्चार 'लो-कस्-भा' असा व्हावयास पाहिजे. पण तसा तो कोणीही करीत नाही. शाळेत न गेलेला मनुष्यही 'लोक्-स-भा' असेच म्हणतो.

असे का व्हावे? 'लोक' हा स्वतंत्र शब्द आहे. त्याच्या अंतीचा अकार लोपला. 'सभा' हाही स्वतंत्र शब्द आहे; त्याच्या आरंभीचा अकार टिकून राहिला. दोन शब्द एकत्र येऊन एक झाले, तरी जिभेने त्यांच्यामधला सांधा ओळखला आणि तेथेच अक्षर तोडले. व्याकरण न शिकलेली जीभ समासाचा विग्रह करूनच शब्द उच्चारते. 'नगरपालिका' हा शब्द 'न-गर्-पा-लि-का' असा उच्चारला जातो, 'नग्-र-पा-लि-का' असा नाही. 'पुरणपोळी', 'देवघर', 'तळहात' ह्या सर्व शब्दांत हाच प्रकार आढळतो. मोरो केशव दामले ह्यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' ह्या ग्रंथात समासांचा विस्ताराने विचार केला आहे. परंतु ज्याने तो ग्रंथ पाहिलेलाही नाही, असा मराठी माणूस दिवसातून शेकडो वेळा समास सोडवीत असतो.

ह्याला एक अपवाद आहे, आणि तोही मराठी माणसाच्या नित्य परिचयाचा आहे. भजनात बसलेला मनुष्य शब्द असे तोडीत नाही. अभंगाच्या मोठ्या प्रकारात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो. आणि ही गणना लेखी अक्षरांची असते. बोलताना 'पंढरपूर' ह्या नावाची 'पं-ढर्-पूर्' अशी तीन अक्षरे होतात. तेच नाव टाळाच्या ठेक्यावर 'पं-ढ-र-पू-र' असे पाचही अक्षरांनी म्हटले जाते. बोलण्यातून गेलेला अकार भजनात परत येतो. त्यामुळे ज्या घरात भजन चालते, त्या घरातील मुलाला शब्दाची दोन्ही मापे आपोआप कळतात: एक गाण्याचे आणि एक बोलण्याचे.

परंतु प्रत्येक सामासिक शब्दातील सांधा असा जिवंत राहतोच, असे नाही. 'पंकज' हा शब्द 'पंक' आणि 'ज' ह्यांपासून बनला. पंक म्हणजे चिखल, आणि त्यात जन्मलेले ते पंकज. बोलताना मात्र 'पं-कज्' असेच अक्षर तुटते. कारण 'ज' हा मराठीत एकटा उभा राहणारा शब्द नव्हे. जिभेला त्याची ओळख नाही, म्हणून ती त्याचा मान राखीत नाही. ज्या सांध्याच्या दोन्ही बाजूंचे शब्द बोलणाऱ्याच्या परिचयाचे असतात, तोच सांधा उच्चारात टिकतो.

संस्कृत वैयाकरणांनी हे मर्म फार पूर्वी जाणले होते. एकाच शब्दात आधी 'र' किंवा 'ष' आला, तर पुढच्या 'न'चा 'ण' होतो, हा नियम सर्वश्रुत आहे. पण समासात पूर्वपदातील 'र' सांधा ओलांडून उत्तरपदातील 'न'वर परिणाम करू शकतो काय? पाणिनीने सांगितले की, तो सामासिक शब्द कोणाचे तरी नाव झालेला असेल, तर करू शकतो. म्हणूनच सुपासारखी नखे असलेल्या त्या राक्षसीचे नाव 'शूर्पणखा' असे झाले; 'शूर्प' आणि 'नख' ह्यांमधली भिंत ओलांडून 'न'चा 'ण' झाला. समास नाव झाला की त्याचे दोन शब्द उरत नाहीत, एकच होतो, असा ह्याचा अर्थ.

मराठीत तर पुढे ह्या भिंतीच पडल्या. कुंभकाराचा कुंभार झाला, सुवर्णकाराचा सोनार झाला, चर्मकाराचा चांभार झाला. देवकुलाचे देऊळ झाले आणि राजकुलाचे राऊळ. राजपुत्र हा राऊत झाला. मातृगृहाचे माहेर झाले आणि श्वशुरगृहाचे सासर. एक आणि दश मिळून झालेला एकादश आज अकरा म्हणून वावरतो. ह्या शब्दांत कोणे एके काळी दोन शब्द नांदत होते, हे आता पंडिताने सांगावे लागते. 'माहेर' म्हणणाऱ्या सासुरवाशिणीला त्या शब्दात आई आणि घर वेगवेगळे दिसत नाहीत; ती दोन्ही तेथे एकजीव झालेली आहेत.

इंदूर ह्या नावाचीही कथा अशीच सांगतात. इंद्रेश्वराच्या देवळावरून ह्या गावाला नाव मिळाले, असे परंपरा सांगते. आज मराठी माणूस 'इंदूर' म्हणतो आणि हिंदी बोलणारा 'इंदौर' म्हणतो; दोघांच्याही उच्चारात इंद्र वेगळा उरलेला नाही. जवळच राजवाड्याचा सांधा मात्र शाबूत आहे. एकाच शहरात एक नाव सांधा विसरलेले आहे आणि दुसरे सांधा जपून आहे.

सांध्याचा हा विचार केवळ उच्चाराच्या सोयीचा नाही. त्यावर अर्थ अवलंबून असतो. वैदिक वाङ्मयातील त्वष्ट्याची कथा ह्याचा फार जुना दाखला आहे. इंद्राने आपल्या पुत्राचा वध केला म्हणून त्वष्ट्याने इंद्राला मारणारा वीर उत्पन्न व्हावा ह्यासाठी यज्ञ आरंभिला. त्यात 'इन्द्रशत्रु' हा सामासिक शब्द उच्चारावयाचा होता. शब्दाच्या अखेरीस उदात्त स्वर ठेवला असता, तर 'इंद्राचा शत्रू' म्हणजे त्याचा नाश करणारा, असा अर्थ झाला असता. उच्चारणाऱ्याने उदात्त स्वर पूर्वपदावर ठेवला. त्यामुळे तो बहुव्रीही समास झाला आणि 'इंद्र हा ज्याचा शत्रू, म्हणजे नाश करणारा, तो' असा अर्थ होऊन बसला. वृत्र उत्पन्न झाला खरा, पण इंद्राच्याच हातून मारला गेला. व्याकरण कशासाठी शिकावे, हे सांगताना पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी ह्याच शब्दाचा दाखला दिला आहे. अक्षर एकही बदलले नव्हते. दोन पदे एकमेकांना कशी जोडावयाची, एवढेच चुकले होते.

आजच्या लिखाणातही असे प्रसंग येतात. 'भूतत्त्व' हा शब्द 'भू' आणि 'तत्त्व' असा तोडला, तर पृथ्वीतत्त्वाचा बोध होतो. एक 'त' कमी पडून 'भूतत्व' असे लिहिले गेले, तर तो 'भूत' आणि 'त्व' असा तुटतो, आणि भुताच्या भूतपणाचा बोध होतो. हिंदीच्या लेखननियमांत अशा ठिकाणी 'भू-तत्त्व' असे मध्ये रेघ देऊन लिहावे, अशी सूचना आहे. मराठीत अशी रेघ देण्याची चाल कमी. मराठी लेखक सांधा ओळखण्याचे काम वाचकावर सोपवितो.

पूर्णपणे सोपवितो, असेही म्हणता येत नाही. मराठीच्या शुद्धलेखनाने सांध्याची एक बारीकशी खूण राखून ठेवली आहे. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांप्रमाणे 'कवी', 'बुद्धी', 'मंत्री' हे शब्द एकटे असताना दीर्घान्त लिहावयाचे असतात. परंतु हेच शब्द समासाचे पूर्वपद झाले की मूळ संस्कृत रूपाप्रमाणे ऱ्हस्व होतात: कविमन, बुद्धिवैभव, मंत्रिमंडळ. 'मंत्रीमंडळ' असे लिहिलेले पुष्कळदा दिसते; ते नियमाला धरून नाही. ही केवळ पंडिती खोडी आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी नियमाचे प्रयोजन पाहावे. दीर्घ 'त्री' शब्द संपल्याचे सांगते, ऱ्हस्व 'त्रि' शब्द अजून पुढे चालू असल्याचे सांगते.

घरगुती शब्दांतही अशीच खूण आढळते. 'फूल' एकटे असताना त्याचा ऊकार दीर्घ असतो. 'फुलबाग' आणि 'फुलपाखरू' ह्यांत तो ऱ्हस्व होतो, कारण तेथे फूल दुसऱ्या शब्दाच्या आश्रयाला गेले आहे. 'मीठभाकर' आणि 'बहीणभाऊ' ह्यांत मात्र मीठ आणि बहीण आपली दीर्घता सोडीत नाहीत. तेथे दोन्ही पदे बरोबरीची आहेत; कोणी कोणाच्या आश्रयाला गेलेले नाही. प्रत्येक शब्दाला ही कसोटी तंतोतंत लागू पडेल, असे नाही. पण पुष्कळ शब्दांत पदांचा परस्परसंबंध अशा रीतीने ऱ्हस्वदीर्घात उमटलेला दिसतो.

छापखान्यातील जुळाऱ्यांना हा विषय फार जवळचा होता. वृत्तपत्राचा रकाना अरुंद. ओळीच्या अखेरीस शब्द मावला नाही की तो तोडावा लागे. 'गुळपोळी' हा शब्द 'गुळ-' असा तोडून 'पोळी' खालच्या ओळीत घेतली, तर वाचक न अडखळता पुढे जातो. पण 'गु-' वरच्या ओळीत ठेवून 'ळपोळी' खाली घेतली, तर वाचक जागच्या जागी थांबतो. कारण 'ळ'ने आरंभ होणारा शब्द मराठीत त्याने कधी पाहिलेला नसतो. चांगला जुळारी म्हणूनच कानाने ओळ तोडीत असे.

ही अडचण केवळ देवनागरीची किंवा मराठीची आहे, असे मात्र समजू नये. युरोपच्या उत्तर टोकाला असलेल्या नॉर्वे देशाच्या भाषेतही मराठीप्रमाणेच सामासिक शब्द जोडून लिहिण्याची रीत आहे, आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडताना तो पदांच्या सांध्यावर तोडावा, असा संकेत आहे. त्या भाषेत घराला 'हूस' म्हणतात आणि मालकाला 'आयर'. दोन्ही मिळून घरमालक. साध्या शब्दातील एकटे व्यंजन पुढच्या ओळीत न्यावे, हा तेथील दुसरा संकेत येथे लावला, तर वर 'हू' राहतो आणि खाली 'सायर' जातो. आणि 'सायर' म्हणजे विजय! घराचा मालक अदृश्य होतो आणि नसता विजय वाचकाच्या पदरी पडतो.

त्याहून बोलका दाखला तेथील सूचनाफलकांचा आहे. 'रॉइक्फ्रित' असा एकच शब्द लिहिला, तर त्याचा अर्थ धूम्रपानापासून मुक्त, म्हणजेच येथे धूम्रपान करू नये, असा होतो. तोच शब्द मध्ये जागा सोडून 'रॉइक् फ्रित' असा लिहिला, तर 'खुशाल धूम्रपान करा' असा नेमका उलटा अर्थ निघतो. सामासिक शब्द असे सुटे लिहिण्याची खोड इंग्रजीच्या सहवासाने वाढली, अशी तक्रार तेथील भाषाप्रेमी करतात. शेजारच्या बलवान भाषेची लेखनपद्धती नकळत आपल्या भाषेच्या सांध्यांत शिरते, हा त्या तक्रारीचा गाभा आहे.

इंदुरातील मराठी माणसाला ही तक्रार परकी वाटण्याचे कारण नाही. १८१८ साली होळकरांची राजधानी महेश्वराहून इंदुरास आली. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ साली मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले. ह्या सर्व काळात येथील मराठी घरांनी आपली भाषा राखली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ असे तीन वेळा ह्या शहरात भरले. परंतु घरात मराठी आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, अशा स्थितीत वाढणारे मूल देवनागरी लिपी बहुधा हिंदीच्या पाठ्यपुस्तकातून शिकते. लिपी एकच असल्यामुळे मराठी वेगळी शिकविण्याची गरज घरातल्या वडीलधाऱ्यांना भासत नाही. नेमकी येथेच फसगत होते.

हिंदीत नामापुढील विभक्तिचिन्ह सुटे लिहितात: 'घर के पास'. त्या वळणावर गेलेला मुलगा मराठीत 'घरा जवळ' आणि 'राजवाड्या समोर' असे लिहू लागतो. मराठीत 'घराजवळ', 'राजवाड्यासमोर' असे जोडूनच लिहिले पाहिजे. कारण 'घरा' हे रूप एकटे उभे राहणारे नाही, ते पुढच्या शब्दाचा आधार मागते. हिंदीत 'माता-पिता' असे मध्ये रेघ देऊन लिहितात. मराठीतील 'आईवडील' सहसा रेघेवाचून नांदतात. ह्या दोन्ही पद्धती आपापल्या घरी योग्यच आहेत. एका घरची रीत दुसऱ्या घरात नेली, म्हणजे घोटाळा होतो.

लेखनातील घोटाळा तांबड्या शाईने सुधारता येतो. वाचनातील घोटाळा अधिक खोल असतो. हाच मुलगा 'लोकसभा' बिनचूक वाचतो, कारण 'लोक' आणि 'सभा' त्याला हिंदीतून माहीत आहेत. पण त्याच्यापुढे 'घरधनी' हा शब्द आला, आणि 'धनी' म्हणजे मालक हे त्याने घरात कधी ऐकलेले नसले, तर तो 'घ-रध्-नी' असे वाचून मोकळा होतो. 'को-पर्-ख-ळी' ही त्याच्या तोंडी 'कोप्-रख्-ळी' होते. टोमणा मारणाऱ्याचे कोपर कोठे गेले, ह्याचा त्याला पत्ता नसतो. अशा वेळी मुलाची जीभ जड आहे, असे म्हणून हसणे योग्य नव्हे. जीभ जड नसते. शब्दाची एक बाजू अंधारात असते. चुकीच्या ठिकाणी तुटलेले अक्षर हे न ऐकलेल्या शब्दाचे लक्षण आहे.

ह्यावरचा उपाय त्यामुळे व्याकरणाच्या पुस्तकात प्रथम शोधू नये. तो घरातील संभाषणात आहे. मुलाने रोज संध्याकाळी दहा मिनिटे मराठी मजकूर मोठ्याने वाचावा आणि आजीने किंवा आजोबांनी तो ऐकावा. जेथे सांधा चुकेल तेथे शुद्ध उच्चार नुसता सांगून थांबू नये. शब्द उकलून दाखवावा. कोपर म्हणजे काय, खळी कशी पडते, घरधनी कोणाला म्हणत, हे सांगावे. एकदा दोन्ही शब्दांची ओळख पटली, म्हणजे सांधा पुन्हा शिकवावा लागत नाही. जीभ तेथे आपोआप थांबते. हाच मुलगा नंतर वहीत 'घराजवळ' जोडून लिहील आणि 'मंत्रिमंडळ' ऱ्हस्व लिहील, कारण शब्द कोठे संपतो आणि कोठे पुढे चालू राहतो, हे त्याच्या कानाला कळलेले असेल.

राजवाड्यावरून रोज जाणाऱ्या मुलाला त्या नावातला वाडा कोणता आणि राजा कोण, हे कोणी तरी सांगितलेले असते. म्हणूनच तो 'राज्' आणि 'वाडा' बरोबर तोडतो. मराठीतील उरलेल्या शब्दांच्या बाबतीतही घरातील मोठ्यांनी करावयाचे आहे, ते एवढेच.